बुडाल्यानंतरचे जहाज

मराठीत जहाज बुडते ते सर्वनाशाच्या अर्थाने. पिंगळीसारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी आम्हीही ते तसेच शिकवतो. बुडाल्यानंतर काय होते, याविषयी आपले वाङ्मय बहुधा मौनच पाळते. वस्तुतः लोखंडावर शेवाळ धरते, मग शिंपले, स्पंज, प्रवाळ. आडोशाला गोबरे नि तांबोशी येतात. २०२४ साली निवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाणबुड्यांसाठी संग्रहालय करण्याची योजना याच भरवशावर आखली गेली. योजना आम्हांला पसंत आहे. परंतु रिकामे जहाज पाहणे सोपे (तिथे कोणाची हाक ऐकू येत नाही). १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. 'गुलदार'च्या माहितीफलकावर ही तारीखही असावी, अशी आमची मागणी आहे.