दट्ट्या ठेवावा की बदलावा?

मोटारसायकलचे इंजिन उघडून सिलिंडर वर उचलला आणि ओरखडे पडलेला दट्ट्या दृष्टीस पडला, म्हणजे मालकापुढे व कारागिरापुढे एकच प्रश्न उभा राहतो : हाच पुन्हा बसवावा, की नवा घालावा? कारागीर ज्याला पिस्टन म्हणतात तो हा अवयव मुठीत मावेल एवढाच असतो. परंतु त्याविषयीच्या निर्णयावर इंजिनाचे पुढील आयुष्य अवलंबून असते आणि क्वचित स्वाराचेही. भरधाव गाडीत दट्ट्या सिलिंडरात एकाएकी पकडला गेला, तर इंजिनाबरोबर मागचे चाकही जखडते आणि क्लच तत्काळ दाबला नाही तर गाडी घसरून पडते. दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती मोटारसायकलवरून वाहून जो संसार चालवतो, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न रोजच्या मिळकतीचाही होतो.

या प्रश्नाला देशात जागोजागी दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर काटकसरीचे. ओरखडे पॉलिशपेपरने घासून काढावेत, रिंगा नव्या घालाव्यात आणि इंजिन बंद करावे. ‘अजून वर्षभर सहज चालेल’ असे आश्वासन त्यासोबत मिळते. दुसरे उत्तर सुट्या भागांच्या दुकानातले. इंजिन उघडलेच आहे, तेव्हा जुने काहीच ठेवू नये, हा त्याचा आशय. ही दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात. पण त्यांच्या मुळाशी दोष एकच आहे. दोन्ही उत्तरे मोजमाप न करताच दिलेली असतात.

मोजमापाला एवढे महत्त्व का, हे एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि तिची ३५० सीसीची बुलेट पुढे देशभर पसरली. या जुन्या बुलेटच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर असते. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या एका मिनिटात ८,००० वेळा क्षणभर थांबून उलट दिशेने निघतो. त्याची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर पडते. सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. उष्णतेने हे दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर ७० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी सिलिंडर सुमारे ०.०८ मिलिमीटरने रुंदावतो. तेवढ्याच व्यासाचा दट्ट्या मात्र सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगतो. दोहोंमधील मोकळीक साधारण एका केसाच्या जाडीइतकी कमी होते. शिवाय दट्ट्या ज्वाळेच्या लगत असल्याने सिलिंडरापेक्षा अधिक तापतो, आणि मोकळीक त्याहूनही घटते. ती प्रमाणाबाहेर घटली तर तेलाचा पापुद्रा तुटून धातूवर धातू घासतो. ती प्रमाणाबाहेर वाढली तर दट्ट्या डुलतो, ठोके देतो, तेल जळू लागते आणि दाब गळतो.

तेव्हा प्रश्न एकट्या दट्ट्याचा नाही. दट्ट्या आणि सिलिंडर या जोडीचा व त्यांमधील अंतराचा आहे. हे ध्यानात न घेतल्यामुळेच नवा दट्ट्या घालूनही पुष्कळांची निराशा होते. झिजून लंबगोल झालेल्या सिलिंडरात मूळ मापाचा नवा दट्ट्या बसवला, तर पैसा खर्च होतो आणि ठोका कायम राहतो. अशा वेळी सिलिंडर बोअर करून वाढीव मापाचा दट्ट्या घालणे हाच शास्त्रशुद्ध उपाय होय. आधी दट्ट्या हाती घ्यावा, त्याचे माप घ्यावे आणि मग सिलिंडर त्याला अनुरूप बोअर करावा, हा क्रमही पाळला पाहिजे. आजच्या कित्येक मोटारसायकलींत सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर दिलेला असतो. तो नेहमीच्या पद्धतीने बोअर करता येत नाही. थर खरवडला गेला असेल तर बहुधा सिलिंडरासह संपूर्ण जोडी बदलावी लागते.

काही बाबतींत चर्चेला जागाच नाही. माथ्याला छिद्र किंवा तडा, रिंगांच्या खाचांमधील तुटलेली कडा, गजनपिनच्या भोकाजवळची चीर, ज्यांत नख अडकते असे खोल ओरखडे, किंवा धातू वितळून रिंगांवर पसरलेला दट्ट्या, यांपैकी काहीही आढळले तर तो दट्ट्या निवृत्त करणेच इष्ट. माथ्याची कड वाळवीने खाल्ल्यासारखी दिसत असेल, तरीही तोच निर्णय. संशय असेल तेथे रॉकेलची जुनी कसोटी उपयोगी पडते : दट्ट्या रॉकेलमध्ये बुडवून पुसून कोरडा करावा आणि त्यावर खडूची भुकटी पसरावी, चीर असेल तर तीत शिरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्या भुकटीवर रेघ उमटवते. मात्र अतिसूक्ष्म चीर या कसोटीतून निसटू शकते. म्हणून रेघ न उमटणे ही निर्दोषतेची हमी नव्हे.

याउलट, माथ्यावर साचलेला काजळीचा थर हा दोष नाही. तो साफ करता येतो. खालच्या घेरावर, म्हणजे स्कर्टवर, नखाला न लागणाऱ्या फिकट उभ्या रेघा असतील, तर तेवढ्यावरून दट्ट्या टाकून देणे ही उधळपट्टी होय. पण तो ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, घेराचा व्यास. दट्ट्या पूर्ण गोल नसतो. तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि माथ्याकडे निमुळता केलेला असतो. म्हणून गजनपिनशी काटकोन करून, निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवरच मायक्रोमीटर लावला पाहिजे. सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजावा. दुसरी गोष्ट रिंगांच्या खाचांची. खाचेत नवी रिंग बसवून फीलर गेजने बाजूची फट पाहावी. खाच रुंदावलेली असेल तर नव्या रिंगाही दाब धरणार नाहीत. तिसरी गोष्ट गजनपिनची. ती भोकात डुलता कामा नये. ही मापे निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेत असली, तर जुना दट्ट्या निर्धास्तपणे बसवावा. एखादे जरी मर्यादेबाहेर गेले, तरी मोह टाळावा. एकदा काढलेली सर्क्लिप मात्र कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरू नये. ती सुटली तर काही रुपयांच्या तारेपायी सिलिंडर नासतो.

एवढे करूनही एक काम उरते, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते. दट्ट्या बिघडला कशाने, याचा शोध. ओरखडे सर्व बाजूंनी असतील तर अतितापाचा किंवा अपुऱ्या मोकळिकीचा संशय घ्यावा; झीज तिरपी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकला आहे काय ते पाहावे; कड खाल्लेली असेल तर ठिणगी वेळेआधी पडते काय, मिश्रणात पेट्रोल कमी पडते काय, हे तपासावे. कार्ब्युरेटरची बुलेट घेऊन लेहकडे जाणारे काही स्वार विरळ हवेसाठी लहान जेट बसवून घेतात. मैदानात परतल्यावर तो बदलायचा राहिला, तर दाट हवेत मिश्रण क्षीण होते आणि इंजिन अवाजवी तापते. अशा इंजिनात कितीही उत्तम नवा दट्ट्या घातला तरी त्याची गत जुन्यासारखीच होणार. कारण न शोधता बदललेला दट्ट्या म्हणजे दुखण्याचे निदान न करता दिलेले औषध होय.

दुरुस्त करून वापरण्याची भारतीय सवय थट्टेचा विषय नाही. तिच्यामुळे धातू वाचतो, इंधन वाचते आणि गरिबाची गाडी चालू राहते. परंतु डोळ्यांच्या अंदाजावर केलेली काटकसर ही काटकसर नसून केवळ खर्च पुढे ढकलणे आहे; आणि अंदाजाने केलेली अदलाबदल ही सुरक्षितता नसून खर्चिक समाधान आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मायक्रोमीटर हाताळण्याचे शिक्षण तरुणांना दिले जाते. पण कामाच्या गर्दीत हे उपकरण पुष्कळदा पेटीतच राहते, कारण गिऱ्हाईक मापे विचारत नाही. ही रीत पालटणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे. इंजिनाच्या कामाच्या बिलावर दट्ट्याचा व्यास, सिलिंडराचा व्यास आणि उरलेली मोकळीक हे तीन आकडे लिहून मागावेत आणि काढलेला जुना दट्ट्या परत घ्यावा. प्रामाणिक कारागिराला यात जाच वाटण्याचे कारण नाही. उलट त्याच्या कौशल्याला त्यामुळे लेखी आधार मिळतो. अधिक वेळ लागेल, थोडी अधिक मजुरी पडेल. पण मग ठेवण्याचा निर्णय झाला काय किंवा बदलण्याचा झाला काय, तो खिशाने किंवा दुकानाने न घेता आकड्यांनी घेतलेला असेल.