जीप घ्या, पण आधी खाली वाका

एका बाजूला देवळालीचा तोफखाना, दुसऱ्या बाजूला महिंद्राचा कारखाना. नाशिकजवळच्या एकलहऱ्यातल्या पोरांना जुन्या जीपचं वेड लागलं नाही तरच नवल. अमेरिकेत साठच्या दशकातली मस्टँग किंवा जीटीओ घेणारा जो घोळ घालतो, तोच इथेही सुरू असतो: कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची, की मनासारखी सजवायची? तिकडे इंजिन आणि चॅसी मूळची एकमेकांची निघाली की किंमत चढते. इकडे ‘साहेब, मिलिटरीची आहे, एकदम ओरिजिनल’ एवढ्यावर किंमत चढते, आणि पुरावा म्हणून हिरवा रंग दाखवला जातो.

गंमत या रंगातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे लिलावात घेतलेली डिस्पोजलची जीप रस्त्यावर आणायची, तर सगळ्यात आधी तिचा अस्सल रंगच उतरवायचा. त्यामुळे रंगावर भाळणाऱ्या शुद्धतावाद्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आरटीओ पुरेसं आहे.

इंजिनाचं तसंच. सीजे-3बी या जुन्या जीपचं बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन पेट्रोल इंजिन उंच म्हणून. पण ते पेट्रोल पीत राही, आणि मालकांनी ते काढून डिझेल बसवलं. पुढे महिंद्रानेच प्यूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम540 आणली. आज उंच बॉनेटखाली डिझेलची धडधड ऐकू आली तर नाक मुरडू नये. ती काटकसर आहे, आणि तीही या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. फक्त आरसी बुकात त्या इंजिनाचा नंबर आणि इंधन म्हणून ‘डिझेल’ चढलेलं हवं. नसेल, तर इतिहास विक्रेत्यालाच लखलाभ.

खरा घात होतो तो चॅसीत. प्रवासी कोंबायला मागून लांबवलेली जीप हौशी गिऱ्हाईक आलं की पुन्हा आखूड होते. वरून चकाचक रंग, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, पुढे लोखंडी बुलबार (त्यावर केंद्राने डिसेंबर 2017मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे) आणि टपावर दिव्यांची माळ. गिऱ्हाईक या माळेकडे बघत राहतं. त्याऐवजी बॅटरी घेऊन खाली वाकावं. चॅसीच्या पट्टीवर आडवा वेल्डिंगचा वळ आहे का, नंबरभोवतीचा पत्रा घासलेला आहे का, आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे आहेत का, हे बघावं. साधं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावं; जिथे ते पकडत नाही तिथे लांबी भरलेली असते. दहा मिनिटांत ‘एकदम ओरिजिनल’चा निकाल लागतो.

कायद्यानेही यात फारशी मोकळीक ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच: निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत मालकाने ढवळाढवळ करायची नाही. दुरुस्तीला कुणी हरकत घेतलेली नाही. दुरुस्ती आणि बदल यांतला फरक एकलहऱ्यात तरी समजावून सांगायला नको. इथल्या वीज केंद्राचे 210 मेगावॅटचे संच 1979 ते 1981 या काळातले. ओव्हरहॉल करत करतच ते चालवले गेले.

आणखी एक हिशेब पुढचा आहे. 2021च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक देऊ केला. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कारणांपुरतीच ती बाहेर पडते. पण अट स्पष्ट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. डिझेल घातलेल्या सीजे-3बीने या दारात उभं राहायची घाई करू नये. ती वापरायला घ्यावी. मात्र 1985 साली नोंदलेली एमएम540 ही पन्नाशी 2035मध्ये ओलांडेल. आज तिला ‘थारसारखी’ करण्यासाठी कटर लावणारा तो हक्क कायमचा घालवून बसतो. थारच हवी असेल तर ती नाशिकच्याच कारखान्यात नवी बनते, तीच घ्यावी.

तेव्हा सीट, हूड, टायर, दिवे बदललेले असले तरी चालेल. ते पुन्हा मूळचे बसवता येतात. रंग बदलला असेल तर त्याची नोंद तपासा. चॅसी कापलेली असेल किंवा कागद आणि गाडी जुळत नसेल, तर विक्रेत्याने किंमत निम्मी केली तरी व्यवहार करू नका.