हिमालयाचे अंदाजपत्रक नाकाडोंगरीहून मांडावे

हिमालयातील पदभ्रमणाची रंगीत पत्रके हल्ली आपल्या नाकाडोंगरीपर्यंत येऊन पोचतात. कधी कुणाच्या मोबाईलवर, कधी नागपूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या मित्राकडून. पत्रकावर बर्फाने झाकलेले एक शिखर असते, त्याखाली ठळक अक्षरांत शुल्काचा आकडा असतो आणि अगदी तळाशी, भिंग लावून वाचाव्या अशा अक्षरांत, 'शुल्कात समाविष्ट नसलेल्या बाबी' छापलेल्या असतात. वरचा आकडा पाहून मुले उत्साहाने नावे देतात. तळच्या ओळी कळल्या की त्यातली निम्मी गळतात, आणि कारण विचारले तर 'घरी काम आहे' एवढेच सांगतात. 'घरी काम आहे' याचा अर्थ आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

आपल्यासारख्या खेड्यातल्या महाविद्यालयाने हिमालयात तुकडी न्यायचे मनावर घेतले, तर त्या मोहिमेचे अंदाजपत्रक पायथ्याच्या गावापासून न मांडता नाकाडोंगरीच्या बसथांब्यापासून मांडले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते नावनोंदणीच्या आधी फलकावर लागले पाहिजे. एरवी जाणारे कोण आणि राहणारे कोण याची निवड डोंगर करीत नाही. ती पत्रकाच्या तळच्या ओळीच करून टाकतात.

उदाहरण म्हणून केदारकांठ्याची वाट घेऊ. उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातले हे शिखर सुमारे साडेबारा हजार फूट उंच आहे. नवख्यांना मार्गदर्शकाबरोबर सहा दिवसांत होते, म्हणून ते विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. संस्थेचे शुल्क सांकरी या पायथ्याच्या गावी सुरू होते आणि सांकरीलाच संपते. पण सांकरी गाठायची कशी? येथून तुमसर, तुमसरहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून देहरादून आणि तेथून डोंगरातल्या वळणांचा दिवसभराचा बसप्रवास. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. म्हणजे सहा दिवसांच्या चालीसाठी सहा दिवसांचा प्रवास! मुंबई-पुण्याच्या मुलांना हा हिशेब वेगळा पडतो. पत्रके त्यांच्यासाठी काढलेली असतात, त्यांत त्यांचा दोष नाही. पण आपण ती तशीच आपल्या फलकावर डकवू नयेत.

आता आकडे मांडू. ते थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण चुकणार नाही. शुल्क बारा हजार धरू, त्यावर पाच टक्के कर म्हणजे सहाशे. स्लीपरने आणि साध्या बसने जाण्यायेण्याचे साडेतीन हजार. प्रवासातल्या सहा दिवसांचे जेवण, रोजचे तीनशे धरले तरी अठराशे. वाटेत दोन मुक्काम, नऊशे. बूट तीन हजार. हे स्वतःचेच हवेत आणि निघण्यापूर्वी महिनाभर पायात घालून मुरवलेले हवेत, दुसऱ्याचे चालत नाहीत. जाड जाकीट, काठी, बर्फात बुटांना लावायचे काटे वगैरे भाड्याने घेतले तर दोन हजार. विमा, डॉक्टरी दाखला आणि औषधे आठशे. वाटाड्यांना आणि स्वयंपाक्यांना निरोपाच्या वेळी द्यायचे पाचशे. बेरीज पंचवीस हजार शंभर होते. यात दहा टक्के, म्हणजे अडीच हजार, राखीव हवेतच. दरड कोसळते, रस्ता बंद होतो, एखादा दिवस तंबूत बसून काढावा लागतो, गाडी चुकते. एकूण सत्तावीस हजार सहाशे. बारा हजार पाहून नाव दिलेल्या मुलाला दुपटीहून अधिक पैसे उभे करायचे आहेत, आणि हे त्याला टप्प्याटप्प्याने, एकेक धक्का देत कळणार आहे.

सत्तावीस हजार सहाशे म्हणजे आपल्या भाषेत किती? २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. भागाकार करून पाहा, बरोबर बारा क्विंटल धान. एकराच्या बांधीत चांगले पिकले तर जवळपास तेवढेच घरी येते. आणि त्यातून नांगरणीचा, खताचा, रोवणीच्या व कापणीच्या मजुरीचा खर्च अजून वजा व्हायचा असतो. दोन एकरांच्या शेतकऱ्याने मुलाला बारा दिवसांसाठी बारा क्विंटल धान द्यावे काय, हा प्रश्न मी हेटाळणीने विचारत नाही. देणारे बापही आहेत. परंतु किती द्यायचे आहे हे त्याला आधी कळायला हवे, एवढा त्याचा मान आपण राखला पाहिजे.

या हिशेबात एक रकाना कुठल्याच पत्रकात सापडणार नाही, तो म्हणजे बुडालेल्या मजुरीचा. हिमालयातल्या मोहिमांचा मोठा हंगाम मे-जून. आपल्याकडे मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, दुपारी घरभर बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. या कामात घरातले प्रत्येक माणूस मोजले जाते, आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी तर पुडे बांधण्यात सगळ्यांत चलाख असते. अनेकांची पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तके याच पंधरा-वीस दिवसांतून निघतात. अशा दिवसांत तिने बर्फ पाहायला जावे असे म्हणताना तिच्या मजुरीचा आकडा आपण खर्चाच्या बाजूला लिहीत नाही. दिवाळीची सुट्टी म्हणावी, तर तेव्हा कापणी आणि बांधणी. उन्हाळाही नाही आणि दिवाळीही नाही. मग राहतो जानेवारी. धान विकून झालेले असते, रब्बीचे काम जमेल तेवढे उरकलेले असते, आणि केदारकांठ्याला तेव्हाच बर्फ असते. तासिका बुडतील, हे खरे. आमच्या गुरुजनांना विनंती अशी की, त्या बुडू द्याव्यात. भूगोलाच्या प्राध्यापकांनी तर सोबतच यावे.

खर्च कमी कसा करायचा यावर चर्चा निघाली की पहिली कात्री कशावर पडते, हे पाहण्यासारखे असते. कुणी म्हणतो, मार्गदर्शक एकच घेऊ. कुणी म्हणतो, नोंदणी नसलेला स्वस्त माणूस गावात मिळतो. कुणी वाटाड्याच्या मजुरीतच घासाघीस करायला निघतो. जो स्वतः तेंदूपत्त्याच्या दरासाठी फळीवर भांडतो, त्याने दुसऱ्या डोंगरातल्या मजुराचा दर पाडावा, हे मला पटत नाही. सांकरीचा खेचरवाला आणि आपल्याकडचा खाणीतला रोजंदार हे एकाच रांगेतले लोक आहेत. आणि हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्याच सहस्रताल मार्गावर बावीस जणांची तुकडी हिमवादळात सापडली आणि त्यातले नऊ जण दगावले. अनुभवी आणि वयाने मोठी माणसेही त्यात होती. डोंगरात हवा बिघडली की मागे फिरायचे केव्हा, हे सांगणारा माणूस, त्याच्या हाताखाली पुरेसे मदतनीस आणि थांबायला हाताशी एखादा दिवस, या तीन गोष्टींवर पैसे वाचवायचे नसतात. अंदाजपत्रकात या ओळी पहिल्या लिहाव्यात आणि त्यांच्यापुढे 'कपात नाही' असा शेरा मारावा.

मग काटकसर कशात करायची? याचे चांगले उदाहरण गिर्यारोहणाच्या इतिहासातच आहे. एव्हरेस्टवर २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी पोचले, त्या मोहिमेमागे साडेतीनशेहून अधिक भारवाहकांची रांग होती. पण त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १९३४ मध्ये, शिप्टन आणि टिलमन हे दोन इंग्रज अंगथरकाय, पासंग आणि कुसांग या तीन शेर्पांसह नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात उतरले. तोवर त्या खोऱ्यात जाणारी वाट कुणालाच सापडली नव्हती. काही महिन्यांच्या त्या उद्योगाचा सारा खर्च तीनशे पौंडांच्या आत बसला. कसा? डबाबंद विलायती खाण्याला फाटा दिला, सामान कमी नेले, शेर्पा खातील ते खाल्ले आणि ओझी स्वतःच्या पाठीवर घेतली. त्यांनी स्वतःच्या चैनीवर कात्री चालवली. आपली पाठपिशवी आपण वाहिली तर खेचराचे भाडे वाचते. परतीच्या वाटेवर दिल्लीतल्या खरेदीचा दिवस गाळला तर एक मुक्काम वाचतो. प्रवासाला घरची शिदोरी नेली तर अठराशेचे हजार होतात. चिवडा आणि तिखट पुऱ्या दिल्लीपर्यंत सहज टिकतात. शैक्षणिक सहल म्हणून प्राचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र वेळेवर मिळाले तर रेल्वेच्या स्लीपर भाड्यात निम्मी सूट मिळते, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना त्याहून जास्त. ही सवलत पुष्कळांना माहीतच नसते.

जाकिटे, काठ्या आणि काटे दर वर्षी भाड्याने घेण्यात शहाणपण नाही. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात एक कपाट असावे आणि त्यात हे सामान दर वर्षी थोडे थोडे जमत जावे. येथे कुणीतरी हमखास म्हणेल की मॉयलकडे मागू या. मागायला हरकत नाही. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगेनीज डायऑक्साईड कोरड्या सेलसाठी जाते; हिमालयातल्या तंबूत जळणाऱ्या एखाद्या विजेरीत आपल्याच तालुक्याची माती असेल, तेव्हा नाते आहेच. पण देणगी मागावी ती कपाटासाठी. तिकिटांसाठी मागितली तर ती एका वर्षात संपते आणि दुसऱ्या वर्षी आपण पुन्हा दारात उभे.

'एवढा खर्च करून हिमालयच कशाला? पचमढीला जा,' असा सल्लाही ऐकू येतो. पचमढीला जरूर जावे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई आपल्याला पचमढीपेक्षा कितीतरी दूर, आणि सातपुड्यातले सर्वांत उंच धूपगड मात्र तसे शेजारचे! सरावासाठी आपला अंबागडही पुरतो. परंतु या सल्ल्यात एक सूर असतो, तो मला खटकतो: तुमच्यासारख्यांना एवढे बस्स. त्याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मध्ये तेथील आश्रमशाळांची मुले निवडली गेली, त्यांना दार्जिलिंग आणि लडाखपर्यंत नेऊन शिकवले गेले, आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. घरच्या खिशातून हा खर्च कधीच निघाला नसता. कुणीतरी संपूर्ण खर्च आधी मोजला आणि त्याची जबाबदारी घेतली, तेव्हा पायांतली ताकद दिसली. आपल्याला एव्हरेस्ट नको, साडेबारा हजार फूट पुरे. पण मोजण्याची पद्धत तीच हवी.

वर्गणी सर्वांना सारखी असावी की ऐपतीप्रमाणे, यावर आपल्यात मतभेद होतील. माझे मत ऐपतीप्रमाणे असावी असे आहे. कुणी किती दिले हे दोन प्राध्यापकांखेरीज कुणाला कळू नये. तंबूत गेल्यावर सवलतीचा कोण आणि पूर्ण पैशांचा कोण असा भेद उरता कामा नये, नाहीतर ती सवलत घेण्यापेक्षा मुले पुन्हा 'घरी काम आहे' म्हणतील. परत आल्यावर मात्र सगळा जमाखर्च, पै-पैचा, पावत्यांसह फलकावर लागावा.

शेवटी एक अडचण, जी मला अजून सुटलेली नाही आणि जिच्यावर विद्यार्थी मंडळाने बसून विचार करावा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीस दिवसांऐवजी साठ दिवस आधी उघडते. जानेवारीच्या मध्यावर निघायचे तर तिकिटे नोव्हेंबरच्या मध्यावर काढावी लागतील, आणि संस्थेचे आगाऊ शुल्कही त्याच सुमारास भरावे लागेल. तेव्हा आपले धान एकतर बांधीत असते, नाहीतर खरेदी केंद्राच्या रांगेत. चुकारे हाती यायला त्यानंतर किती आठवडे लागतात, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणजे पैसा येणार हे नक्की, पण दोन महिने उशिरा. तेवढ्या दोन महिन्यांपुरती वीस मुलांची तिकिटे महाविद्यालयाने आपल्या निधीतून काढावीत आणि चुकारे झाल्यावर रक्कम वळती करून घ्यावी, अशी तरतूद करता येईल काय? स्लीपरची वीस तिकिटे म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे. प्रश्न फक्त ती नोव्हेंबरमध्ये कुणी भरायची हा आहे.