आडनावाशिवायची ओळख

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात नवीन कुटुंब आलं की आपले प्रश्न ठरलेले. कुठले तुम्ही? मूळ गाव? आडनाव? नोकरी कुठे? पाच मिनिटांत जात, जिल्हा आणि पगार यांचा अंदाज बांधून होतो. माणूस मात्र अनोळखीच राहतो. त्याऐवजी काय मानता, काय ऐकता, काय खाता, काय वाचता, हे विचारायला हवं.

सुरुवात माझ्यापासून. मूर्तिपूजेवर माझा विश्वास नाही, तरी आषाढीला पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. जेवायला खानदेशी शेवभाजी, वर लालभडक तर्री, सोबत कळण्याची भाकरी. आवडतं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा कोसळून गेलेली ही बाई पुढे स्वतः विचार करून त्याच वाटेने गेली, आणि हे सगळं तिने किती सरळ, हसऱ्या मराठीत लिहिलं! एवढ्यावरून माझी जात कळत नाही, पण मी बरीचशी कळते.

‘परदेशात धर्माचा विषय काढायचाच कशाला?’ असं काहीजण म्हणतील. पण तो आपण कधीच काढलेला आहे. गणपती, हळदीकुंकू, दिवाळी पहाट हे आपलं वर्षाचं वेळापत्रक सगळ्यांचंच, असं आपण धरून चालतो. ज्यांच्या घराचा इतिहास १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्मदीक्षेने बदलला, त्यांना आपण काय विचारलं? आपल्या गाण्यांच्या कार्यक्रमात नाट्यगीतं होतात, भावगीतं होतात. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं मी आपल्या मंचावर अजून ऐकलेलं नाही. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली ज्यू घरांत प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, बाजूला फळं. दडपे पोहे आवडणाऱ्या कुणालाही ते ताट परकं वाटणार नाही. पण ते आपल्यासमोर येणार कसं, आपण विचारलंच नाही तर?

श्रद्धेबद्दल सांगण्याची सक्ती नसावी. ज्याला सांगायचं नसेल त्याने रकाना कोरा ठेवावा, आणि त्यावर कुणी काही बोलू नये.

सभासद-अर्जात हे चार प्रश्न घालावेत, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदनासाठी सभेला जरूर या.