बोटीचा वायपर बंद पडला तर? लाइफ जॅकेटच्या चर्चेत मागे राहिलेला प्रश्न

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. इंजिनाची चाचणी सुरू असताना स्पीडबोटीवरचं नियंत्रण सुटल्याचं नौदलाने सांगितलं होतं. या घटनेनंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. पण लाइफ जॅकेट कामी येतं ते अपघात झाल्यावर. अपघात टाळण्यासाठी आधी चालकाला समोरचं नीट दिसायला हवं. बंद केबिनच्या यॉट आणि स्पीडबोटींवर हे काम एका साध्या वस्तूवर अवलंबून असतं, ती म्हणजे वायपर.

नियम काय सांगतो?

समुद्रात टक्कर टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातल्या पाचव्या नियमानुसार प्रत्येक बोटीवर डोळे आणि कान उघडे ठेवून सतत टेहळणी करणं बंधनकारक आहे. सहावा नियम सुरक्षित वेगाचा आहे. वेग ठरवताना ज्या गोष्टी पाहायच्या, त्यांत पहिलं स्थान आहे दृश्यमानतेला.

याचं कारण साध्या हिशेबात दिसतं. २० नॉट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. या वेगाने बोट सेकंदाला १० मीटर पुढे जाते. काच ५ सेकंद धूसर झाली, तर तेवढ्यात बोटीने ५० मीटर अंतर कापलेलं असतं. मुंबई बंदरासारख्या गजबजलेल्या पाण्यात या ५० मीटरमध्ये मच्छीमारांची होडी किंवा जाळ्याचा बोया असू शकतो. आणि बोटीला गाडीसारखा ब्रेक नसतो.

पाऊस नसताना वायपर कशाला?

कारण खरा त्रास मिठाचा आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांचे तुषार काचेवर उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचा थर मागे राहतो. संध्याकाळी सूर्य समोर आला की हीच काच पांढरी दिसू लागते. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर मिठाचे खडे सँडपेपरसारखे घासतात. काच ॲक्रिलिकची असेल तर पडलेले ओरखडे सहज जात नाहीत.

बिघाड होतो कुठे?

पावसाळ्यात अनेक छोट्या बोटी बंद असतात. या काळात वायपरचा दांडा जिथे फिरतो तिथे क्षार साचून तो जाम होतो. मग मोसमाच्या पहिल्याच दिवशी बटण दाबलं की मोटरवर ताण येतो आणि फ्यूज उडतो. रबर उन्हाने कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमचे भाग एकमेकांना लागून असतील, तर खाऱ्या पाण्यामुळे ॲल्युमिनियम झिजत जातं.

देखभाल कशी करायची?

• प्रत्येक फेरीनंतर काच आणि ब्लेड गोड्या पाण्याने धुवा.
• काच ओली केल्याशिवाय वायपर सुरू करू नका. वॉशरच्या टाकीतही गोडं पाणीच भरा.
• ॲक्रिलिकच्या काचेवर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, तिला बारीक तडे जातात.
• बोट बंद असली तरी अधूनमधून काच ओली करून वायपर चालवा.
• बोट बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ब्लेड काढून सावलीत ठेवा.
• गाडीचं स्वस्त ब्लेड लावू नका, त्यातलं साधं लोखंड लवकर गंजतं.
• काचेवर पाण्याच्या रेघा राहू लागल्या की ब्लेड बदला.

प्रवाशांनी काय करावं?

हौसेने बोट भाड्याने घेणारे लोक जॅकेट मोजतात, स्पीकरची चौकशी करतात. त्यासोबत निघण्याआधी एकदा काच ओली करून वायपर चालवून दाखवायला सांगा. काच स्वच्छ होत नसेल, तर धक्का सोडण्याआधीच ती दुरुस्ती करून घेतलेली बरी.