फिरून आल्यावरही कुत्रा अस्वस्थ का?

“आम्ही कुत्र्याला नेमाने फिरवून आणतो, तरी घरी आल्यावर तो स्वस्थ बसत नाही. येरझारा घालतो, पायपुसणे ओढतो, भुंकतो.” पालकांशी बोलताना ही तक्रार अलीकडे आमच्या कानी वारंवार येते. यावर घरोघरी ठरलेले उपाय म्हणजे आणखी एक चक्कर, नाही तर दोन रट्टे. काही घरांत तर गोष्ट “कुठेतरी सोडून येऊ” इथपर्यंत जाते. आमच्या मते हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत, कारण कारण शोधण्याचे कष्ट त्यांत कोणीच घेतलेले नाहीत.

पहिले कारण ऊन. आपल्या इंदूरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि डांबरी रस्ता तर हवेहूनही जास्त तापतो. आपल्या पायांत चपला असतात, त्याच्या नसतात. त्याला आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही. धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. हाताची पाठ रस्त्यावर टेकवून पाहावी. सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्या वेळी त्याला बाहेर नेऊ नये.

दुसरे कारण दुखणे. मैदानातून आलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात गोखरूचा काटा किंवा कुसळ अडकते, कानात गोचीड चिकटते. सारखा पंजा चाटणारा कुत्रा खोडकर नसून त्रासलेला असू शकतो.

तिसरे कारण गोंगाट. हॉर्न, फटाके, गल्लीतली दुसरी कुत्री यांनी तो भेदरतो किंवा चेकाळतो, आणि घरी आल्याबरोबर ते ओसरत नाही. अशा वेळी आणखी पळवले तर तो जास्तच चेकाळतो.

चौथे कारण आपली घाई. कुत्रा जग नाकाने वाचतो. आपण मोबाईलवर बोलत त्याला फरफटत नेले, तर पाय थकतात, पण मन भरत नाही.

पाचवे कारण सवय. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील कामासाठी. पण जेवणाची खूण ओळखताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांचे निरीक्षण अधिक प्रसिद्ध झाले. फिरून आल्यावर बिस्किट मिळते हे ठाऊक झालेला कुत्रा त्याची वाट पाहत घिरट्या घालणारच.

विद्यार्थी मित्रांनो, यांपैकी आपल्या घरचे कारण कोणते? एक वही घ्या. सात दिवस फिरण्याची वेळ, रस्ता, वाटेत काय घडले आणि घरी आल्यावर तो किती वेळाने शांत झाला, हे लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला, हे कळणार नाही. आल्यावर पाणी द्या, पंजे तपासा, सावलीत बसू द्या. मात्र तो लंगडत असेल, धापा थांबत नसतील, झोकांड्या जात असतील, किंवा पोट फुगून नुसते उमाळे येत असतील, तर वही बाजूला ठेवून लगेच पशुवैद्याकडे न्या.

पालकहो, पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुले हे पाहत असतात. जो त्रास देतो त्याला मारावे किंवा घराबाहेर काढावे, हा धडा ती आपल्याकडूनच शिकतील. शिकवणीहून चिडचिड करत आलेल्या मुलालाही आधी “काय झालं?” असे विचारावे लागते, मग रागवावे की नाही ते ठरते.

शाळेच्या पत्रिकेत कुत्र्याचा विषय कशाला, असे काही विश्वस्तांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, विज्ञानाच्या पुस्तकातले ‘निरीक्षण’ घरात उतरते ते अशाच विषयांतून. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून दूर नाही. तेथील एखाद्या तज्ज्ञांना शाळेत बोलवावे, आणि मुलांनी आपल्या वह्या घेऊन त्यांच्यासमोर बसावे, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे.