चामड्याविना कोल्हापुरी

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली, तीच अस्सल. कारागिरी निःसंशय थोर. पण अनेक जैन घरांत ती येत नाही. मग आपण रेक्झिनची घेतो आणि निश्चिंत होतो. घाई नको! पट्टा रेक्झिनचा नि तळ चामड्याचा, असेही असू शकते. युरोपात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर व तळ यांसाठी स्वतंत्र चिन्हे असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, जाळी म्हणजे कापड, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे इतर द्रव्य. कातड्याच्या आत शंकरपाळे दिसले, तर तेही लेप दिलेले चामडेच. बीबीच्या बाजारात अशी चिन्हे न दिसल्यास तोंडी हवाल्यावर (बँकेत तो कधी चालला नाही) न विसंबता बिलावर ‘संपूर्ण चामडेविरहित’ असे लिहून मागावे.